बाबासाहेबांची विद्यापीठ-बदली

परमपूज्य बाबासाहेबांचे सगळे चरित्र या स्मरणिकेच्या दोन पानांत बसवण्याची आमची ताकद नाही. वस्तीतली कॉलेजची पोरं आम्हाला विचारतात, काका, हे विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाऊ का? गेलेली वर्षे फुकट जातील का? म्हणून तेवढीच हकिकत सांगतो.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात बडोद्यात दहा वर्षे नोकरीची लेखी अट. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली ते एम.ए. झाले. मग मनात आले लंडनचे. अर्थशास्त्र तिथे शिकायचे आणि बॅरिस्टरही व्हायचे.

आता बघा, ते कसे गेले. उठले आणि निघाले असे नाही. आधी १९१६ च्या जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंध कोलंबियात देऊन टाकला, म्हणजे तिथले काम पदरात. गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांचे ओळखपत्र घेतले. मग त्याच ऑक्टोबरात ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडे नाव घातले.

आम्ही गिरणीत साचाखात्यात बदली म्हणून लागलो होतो. बदलीवाल्याला रोज दारात उभे राहावे लागे, काम मिळेल न मिळेल. बाबासाहेबांचीही गत जवळपास तशीच झाली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याला परतणे भाग पडले. दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. बाबासाहेबांनी निघण्याआधी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. आमच्या मते सगळी अक्कल या एका कागदात आहे. दार लावले, पण कडी घातली नाही.

वाटेत त्यांच्या सामानाचे जहाज पाणतीराने बुडवले. पुस्तके गेली. बडोद्यात राहायला जागा मिळेना, हे तर आपल्या घराघरात माहीत आहे. नोकरी सुटली. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार साडेचारशे. पण त्यातला पैसा कसा राखला असेल! रमाईने परळच्या चाळीत काटकसरीने संसार रेटला, तेव्हा लंडनसाठी रक्कम साठली. थोडे शाहू महाराजांनी दिले, थोडे नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले. १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा बोटीत चढले. चार वर्षे भरायला अजून वेळ होता.

लंडनला अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. मध्येच जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले होते. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत केला. तो पुन्हा लिहून धाडला, आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? तिथला नियम असा, की प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय पदवी हातात नाही. छपाईला पैसा कुठला? पुस्तक १९२५ साली निघाले, प्रती अमेरिकेला गेल्या, आणि पदवी मिळाली १९२७ च्या जूनमध्ये. चवदार तळ्याचे पाणी पिऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.