नानासाहेब पेशवे झालेला आयरिश नाटककार

१८५८ ला न्यूयॉर्कच्या रंगमंचावर नानासाहेब पेशवे उभे राहिले, पण खलनायक म्हणून. लखनौच्या वेढ्यावरचं ते नाटक डिऑन बूसिकोनं इंग्रजांच्या बाजूनं लिहिलं, अन् नानासाहेबही तोच झाला.

डब्लिनला जन्मलेल्या या माणसाचं दुसरं काम मात्र मोलाचं. तेव्हा लेखकाला नाटकाचे उक्ते पैसे मिळायचे. पुढं कितीही प्रयोग होवोत, कमाई थिएटरवाल्याची. १८६० च्या 'द कॉलीन बॉन'साठी त्यानं लंडनमध्ये मिळकतीत वाटा मागितला आणि घेतला. ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींतही त्याची नाटकं चालली. १८८५ ला तो स्वतः तिकडं गेला. शेवटी न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकवून पोट भरत होता. तिथंच १८९० ला वारला. पिकवणाऱ्याला प्रत्येक तोड्यात वाटा हवा, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.