लोहाराचा मुलगा, राजाचा मंत्री

आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या कपाटात दोन पुस्तके सापडतात. एक, उपासनेत वाचावयाचे पवित्र शास्त्र. आणि दुसरे, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही. पहिल्यावाचून उपासना होत नाही, आणि दुसऱ्यावाचून कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला हे कोणास खात्रीने सांगता येत नाही. इंग्लंड देशात ही दोन्ही पुस्तके गावोगावच्या उपासनामंदिरात ठेवण्याविषयीचा हुकूम एकदमच निघाला. तो 1538 सालच्या सप्टेंबर महिन्यात निघाला, आणि तो काढणारा पुरुष बिशप नव्हता व पाळकही नव्हता. तो आठवा हेन्री राजा याचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉम्वेल हा होता. पुढील शतकात इंग्लंडचा कारभार हाती घेणारा ऑलिव्हर क्रॉम्वेल तो हा नव्हे. ऑलिव्हर हा या थॉमसच्या बहिणीच्या वंशात जन्मला. थॉमसचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते सर्वच अनुकरण करण्याजोगे आहे असे नाही. परंतु त्यातील गुण आणि दोष ही दोन्ही आपल्या लहानशा मंडळ्यांस विचार करावयास लावणारी आहेत.

थॉमसचा जन्म 1485 च्या सुमारास लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी पटनी या गावी झाला. त्याचा बाप वॉल्टर हा लोहारकाम, कापड कमावण्याचा धंदा व बियर विकण्याचा धंदा करी. हा मनुष्य भांडखोर असून त्यास गावच्या न्यायसभेपुढे वारंवार दंड भरावा लागे. थॉमस तरुणपणीच घर सोडून समुद्रापलीकडे गेला. इटली देशात तो काही काळ फ्रेंच सैन्यात शिपाई होता व पुढे फ्लॉरेन्स शहरी एका सावकाराच्या आश्रयास राहिला, असे सांगतात. नंतर अँटवर्प येथील कापडबाजारात तो व्यापार शिकला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही, तरी लॅटिन, फ्रेंच व इटालियन या भाषा त्याने आपल्या उद्योगाने संपादन केल्या. स्वदेशी परत आल्यावर त्याने लग्न केले, आणि कापडाचा व्यापार व वकिली या दोहोंवर आपला संसार उभा केला.

त्याच्या या काळातील एक गोष्ट जॉन फॉक्स या इतिहासकाराने नमूद करून ठेविली आहे. इंग्लंडातील बॉस्टन या शहरच्या एका धर्मसंघास पोपकडून पापक्षमापत्रांचा जुना हक्क पुन्हा मिळवावयाचा होता. त्या कामी क्रॉम्वेल रोम शहरी गेला, आणि दहावा लिओ या पोपास उत्तम मिठाई नजर करून त्याने तो हक्क मिळविला. परंतु त्या लांबच्या वाटेवर जाता येता त्याने इरॅस्मस या विद्वानाने केलेले नव्या कराराचे लॅटिन भाषांतर तोंडपाठ केले. पापक्षमापत्रे आणावयास निघालेल्या मनुष्याच्या अंतःकरणात देवाचे वचन याप्रमाणे वाटेतच पेरले गेले.

पुढे कार्डिनल वुल्झी याने त्यास आपल्या नोकरीत घेतले. वुल्झी हाही एका खाटकाचा मुलगा असून त्या वेळी राजाच्या खालोखाल त्याचीच सत्ता चाले. 1529 साली क्रॉम्वेलवर दोन्हीकडून संकट आले. त्याची पत्नी एलिझाबेथ त्याच सुमारास मरण पावली. त्या वर्षी त्याने केलेल्या मृत्युपत्रात त्याच्या ॲन व ग्रेस या दोन लहान मुलींची नावे होती. ती मागाहून खोडलेली आढळतात, कारण त्या मुलीही फार दिवस जगल्या नाहीत. ग्रेगरी हा मुलगा तेवढा उरला. त्याच वर्षाच्या शेवटी राजाने वुल्झीस अधिकारावरून काढून टाकले. अशा वेळी धन्याचे नाव टाकून देणारे पुष्कळ निघाले, परंतु क्रॉम्वेलने तसे केले नाही. पार्लमेंटात उभे राहून त्याने पडलेल्या धन्याची बाजू मांडली. ही त्याची निष्ठा राजाच्या नजरेस आली, आणि वुल्झी मरण पावल्यावर थोड्याच दिवसांत राजाने त्यास आपल्या सल्लागार मंडळात घेतले.

राजास आपली राणी कॅथरिन हिला सोडून ॲन बोलिन हिच्याशी लग्न करावयाचे होते, आणि पोप त्यास परवानगी देईना. हे काम क्रॉम्वेलने पार्लमेंटाच्या कायद्यांनी तडीस नेले. 1533 च्या कायद्याने इंग्लंडातून रोमकडे अपील नेणे बंद झाले. 1534 च्या कायद्याने राजा हाच इंग्लंडच्या मंडळीचा मुख्य ठरला. त्याच वर्षी क्रॉम्वेल राजाचा मुख्य चिटणीस झाला, 1535 मध्ये धर्मकार्यात राजाचा प्रतिनिधी झाला, आणि 1536 मध्ये राजमुद्रेचा रक्षक झाला. लोहाराचा मुलगा आता बिशपांच्या सभेत वरच्या आसनावर बसू लागला.

या अधिकाराचा त्याने जो सर्वांत चांगला उपयोग केला तो शास्त्राच्या बाबतीत होय. विल्यम टिंडेल याने नवा करार इंग्रजीत आणून 1526 साली जर्मनीतील व्होर्म्स येथे छापिला होता, आणि त्याची पुस्तके इंग्लंडात धरून जाळण्यात येत असत. 1535 साली टिंडेल पकडला गेला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी क्रॉम्वेलने पत्रे लिहिली. परंतु ती निष्फळ झाली, आणि 1536 च्या ऑक्टोबरात ब्रसेल्सजवळ टिंडेल यास गळा आवळून मारून त्याचा देह जाळण्यात आला. तरी दोनच वर्षांनी क्रॉम्वेलचा तो हुकूम निघाला की, प्रत्येक गावच्या उपासनामंदिरात मोठ्या आकाराचे इंग्रजी पवित्र शास्त्र लोकांस सहज वाचता येईल अशा जागी ठेवावे. त्याचा निम्मा खर्च उपाध्यायाने व निम्मा गावकऱ्यांनी सोसावा. आणि कोणासही वाचण्यास मनाई करू नये. या कामासाठी पॅरिस येथे छपाई चालली असता तेथील धर्मन्यायाधीशांनी छापलेली पाने जप्त केली. क्रॉम्वेलने खिळे, यंत्रे व कारागीर लंडनला आणविले, पदरचे शेकडो पौंड खर्च केले, आणि 1539 च्या एप्रिलात ते मोठे पवित्र शास्त्र छापून पुरे झाले. त्यातील पुष्कळसा भाग टिंडेलच्याच भाषांतराचा होता. ज्या पुस्तकासाठी त्याने प्राण दिला ते आता राजाज्ञेने मंदिरात साखळीस बांधून ठेविले गेले, आणि ज्यांस वाचता येत नव्हते ते वाचणाऱ्याच्या भोवती ऐकावयास जमू लागले.

नोंदवहीची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक होती. दर रविवारी मागील आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने यांची नोंद मंडळीच्या कारभाऱ्यांसमक्ष करावयाची. वही पेटीत ठेवावयाची. पेटीस दोन कुलपे असावयाची. एक किल्ली उपाध्यायाकडे व दुसरी कारभाऱ्यांकडे राहावयाची. नोंद चुकल्यास 3 शिलिंग 4 पेन्स दंड, आणि तो मंदिराच्या दुरुस्तीकडे लावावयाचा. प्रथम लोकांस भय वाटले की, आता बाप्तिस्म्यावरही कर बसणार. परंतु तसे झाले नाही. शेक्सपियर कवीचा बाप्तिस्मा 26 एप्रिल 1564 रोजी झाला हे जगास ठाऊक आहे, ते याच प्रकारच्या एका वहीमुळे. कवीप्रमाणेच त्याच्या शेजारच्या शेतमजुराचे नावही त्या वह्यांत लिहिले जाई.

आता दुसरी बाजू सांगणे आम्हास भाग आहे. क्रॉम्वेलने शास्त्र दिले म्हणून त्याच्या सर्व कृत्यांवर पांघरूण घालणे हे सत्याच्या प्रभूच्या अनुयायांस शोभत नाही. राजा हा मंडळीचा मुख्य आहे अशी शपथ घेण्यास सर थॉमस मोर व बिशप जॉन फिशर हे कबूल झाले नाहीत, म्हणून 1535 साली त्यांचा शिरच्छेद झाला, आणि त्यांच्या चौकशीत क्रॉम्वेलचा हात होता. आम्ही त्यांच्या मताचे नसलो तरी ते विवेकबुद्धीसाठी मेले हे आम्ही नाकारीत नाही. 1536 साली ॲन बोलिन राणीचा शिरच्छेद झाला, ते प्रकरणही त्यानेच पार पाडले. 1536 ते 1540 या काळात इंग्लंडातील सुमारे 800 मठ बंद करण्यात आले. कित्येक मठांत ढिलाई माजली होती हे खरे. परंतु दारी आलेल्या गरिबास भाकरी देणारी घरेही त्यांत होती. त्यांच्या जमिनी राजाच्या खजिन्यात गेल्या, आणि पुढे बहुतेक श्रीमंतांच्या हाती पडल्या. उत्तरेकडील हजारो लोक याविरुद्ध उठले, तेव्हा राजाने त्यांस क्षमेचे वचन दिले. परंतु पुढच्याच वर्षी पुन्हा दंगे झाले, आणि त्यांचा पुढारी रॉबर्ट आस्क यास यॉर्क येथे फाशी देण्यात आले.

याहूनही मनास चटका लावणारी गोष्ट जॉन लॅम्बर्ट याची होय. प्रभुभोजनाविषयी त्याचे मत राजाच्या मताहून निराळे होते. 1538 च्या नोव्हेंबरात राजाने स्वतः न्यायासनावर बसून त्याची चौकशी केली, आणि त्यास जाळण्याची शिक्षा वाचून दाखविली ती क्रॉम्वेलने. गावोगाव शास्त्र ठेवण्याचा हुकूम निघून त्या वेळी तीन महिनेही झाले नव्हते.

जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने क्रॉम्वेलच्या घराविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. त्याच्या दारी दिवसातून दोनदा 200 हून अधिक गरिबांस भाकरी, मांस व पेय वाटले जाई. हे स्टोने स्वतः पाहिले. परंतु त्याच क्रॉम्वेलने आपली बाग वाढविताना शेजाऱ्यांच्या बागांतून 22 फूट जमीन विचारल्यावाचून घेतली. स्टोच्या बापाच्या बागेतील एक घर ओंडक्यांवर चढवून मागे सरकविले, आणि बापास खंड मात्र पूर्वीइतकाच भरावा लागला. त्याविरुद्ध बोलण्याची कोणाची छाती झाली नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट शास्त्रात वाचणाऱ्यास ती आपल्या कुंपणाशी का आठवली नाही, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

शेवट लवकर आला. 1539 साली क्रॉम्वेलने एक घातक पद्धत पुढे चालविली. राजाच्या शत्रूंस न्यायसभेत न आणता, त्यांचे म्हणणे न ऐकता, पार्लमेंटाच्या ठरावानेच दोषी ठरवावयाचे. सॅलिसबरीची वृद्ध सरदारीण मार्गारेट पोल ही याच रीतीने दोषी ठरली. पुढे 1540 च्या जानेवारीत राजाचे लग्न जर्मनीतील क्लीव्ह्ज येथील ॲन हिच्याशी झाले. ते क्रॉम्वेलने जुळविले होते, आणि राजास वधू मुळीच आवडली नाही. एप्रिलात राजाने त्यास एसेक्सचा अर्ल केले; 10 जून रोजी सल्लागारांच्या सभेतच त्यास कैद झाली, आणि सरदारांनी त्याच्या अंगावरील मानचिन्हे हिसकावून काढली. राजद्रोह व पाखंड हे आरोप ठेवून, त्याचे म्हणणे न ऐकता, त्याच पद्धतीच्या ठरावाने त्यास दोषी ठरविण्यात आले. आर्चबिशप क्रॅन्मर याने भीतभीत त्याच्यासाठी राजास एक पत्र लिहिले. बंदिवानानेही दयेची याचना केली, पण ती व्यर्थ गेली. 28 जुलै 1540 रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्याच दिवशी राजाने कॅथरिन हॉवर्ड हिच्याशी लग्न लाविले. हामानाने मर्दखयासाठी उभारलेल्या खांबाची आठवण येथे कोणास होणार नाही?

मोठ्या शास्त्राच्या पहिल्या पानावरील चित्रात क्रॉम्वेलचे कुलचिन्ह कोरलेले होते. त्याच्या मृत्यूनंतरच्या छपाईत ते खरडून काढिले गेले व त्या जागी कोरे वर्तुळ राहिले. परंतु पुढची पाने राहिली, आणि ती वाचली गेली. पुढे वर्षही झाले नाही तोच, असा विश्वासू चाकर आपण हकनाक गमावला, असे राजा हळहळून बोलू लागल्याचे फ्रान्सच्या वकिलाने आपल्या धन्यास कळविले. राजेरजवाड्यांविषयी स्तोत्रकर्त्याने जो इशारा देऊन ठेविला आहे तो किती खरा आहे!

प्रिय वाचकहो, देव आपले वचन कोणत्या हातांनी पाठवील हे आपण ठरवीत नाही. कोरेश राजाच्या हातूनही त्याने आपले कार्य करून घेतले. म्हणून देणगीबद्दल देवाचे उपकार मानावे, आणि देणाऱ्या हाताचा डाग डागच म्हणावा. आमच्या मते क्रॉम्वेलच्या आयुष्याचा बोध त्याच्याच हुकमातील त्या पेटीत आहे. खेड्यातील नोंदवही एकाच मनुष्याच्या स्वाधीन असू नये, हे त्यास कळले होते. परंतु मनुष्याच्या जिवाचा न्याय त्याने एकट्या राजाच्या मर्जीवर सोपविला, आणि त्या पेटीस दुसरी किल्ली ठेविली नाही. जेव्हा त्यास स्वतःस तिची गरज पडली तेव्हा ती कोठेच नव्हती. आपल्या मंडळीत दानपेटी उघडताना, हिशेब लिहिताना, किंवा कोणा बंधुभगिनीस शिस्त लावण्याचा प्रसंग आला असता, पाळकाने व पंचांनी हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्याच्या देखत उघडावे, आणि आरोपीचे म्हणणे प्रथम ऐकावे. ज्या मंडळीत शास्त्र सर्वांसाठी उघडे आहे तेथे न्यायही उघडपणे होवो, अशी कृपा प्रभू आम्हा सर्वांवर करो.