डॉ. लेनर्ड नून: ॲलर्जीच्या इंजेक्शनांची सुरुवात कशी झाली?

परागकणांच्या ॲलर्जीसाठी इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला की रुग्ण आणि नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. ज्या गोष्टीचा त्रास होतो तीच शरीरात का टोचायची? आणि डोस इतका हळूहळू का वाढवायचा? दोन्हींची उत्तरे शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश डॉक्टरांच्या कामात सापडतात.

लेनर्ड नून यांचा जन्म 1877 चा. केंब्रिज आणि लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते सेंट मेरीज रुग्णालयात सर आल्मरॉथ राइट यांच्या लस विभागात काम करू लागले. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात गवत फुलले की अनेकांना शिंका, नाक वाहणे आणि डोळ्यांना खाज असा त्रास होई. त्याला हे फीव्हर म्हणत. गवताचे परागकण हेच त्याचे कारण आहे, हे मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. उपाय मात्र सापडला नव्हता.

नून यांनी काय केले?

त्यांनी टिमोथी नावाच्या गवताच्या परागकणांचा अर्क तयार केला. एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढ्या परागकणांतून निघणारा अर्क म्हणजे एक युनिट, असे माप ठरवले. अर्काचा पातळ थेंब रुग्णाच्या डोळ्यात टाकून किती तीव्रतेला डोळा लाल होतो ते ते पाहत. मग अगदी थोडा अर्क त्वचेखाली टोचून डोस क्रमाक्रमाने वाढवत आणि डोळ्याची चाचणी पुन्हा करत. काही रुग्णांचे डोळे पूर्वीपेक्षा शंभरपट तीव्र अर्क सहन करू लागले.

1911 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि धोकेही लिहिले. डोस फार मोठा किंवा फार लवकर दिला तर ॲलर्जी उलट वाढते आणि सगळ्या अंगावर रिॲक्शन येऊ शकते. दोन इंजेक्शनांमध्ये एक ते दोन आठवड्यांचे अंतर त्यांना योग्य वाटले.

त्याच सुमारास नून यांना क्षयरोगाने गाठले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. त्यांचे सहकारी डॉ. जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेले आणि त्याच वर्षी 20 रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. 1913 च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी, नून गेले.

त्यांचा अंदाज चुकला, उपचार बरोबर ठरला

परागकणांत विष असते आणि इंजेक्शनाने त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते, असे नून समजत. प्रत्यक्षात परागकण विषारी नसतात. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचे शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवते. ती ठराविक पेशींवर चिकटून बसते. परागकण तिला लागले की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते आणि शिंका सुरू होतात. आयजीईचा शोध 1960 च्या दशकात लागला.

इंजेक्शनांमुळे शरीर आयजीजी-4 ही वेगळी अँटिबॉडी बनवू लागते. ती परागकणांतील प्रथिनांना आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच अडवते. शरीराची सहनशीलताही हळूहळू वाढते. रक्तातील आयजीई मात्र सुरुवातीला थोडे वाढू शकते आणि पुढे अनेक महिने-वर्षांत कमी होते. त्यामुळे फक्त तो रिपोर्ट पाहून उपचार निरुपयोगी आहेत असे समजू नका.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- कोर्स साधारण तीन वर्षांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.
- डोस चुकला तर डॉक्टरांना सांगा. पुढचा डोस कमी करावा लागू शकतो.
- इंजेक्शनानंतर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबा. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला किंवा चक्कर आली तर लगेच सांगा.
- दमा वाढलेला असेल तर इंजेक्शन घेण्याआधी कळवा.