विश्लेषण : बहिणीच्या वंशावळीने पटवली राजाची ओळख, कोण होता तिसरा रिचर्ड?

इंग्लंडमधील लेस्टर शहरात २०१२ मध्ये एका कार पार्किंगखाली मानवी सांगाडा सापडला. मणक्याला बाक, कवटीवर शस्त्रांचे घाव. तो ५२७ वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डचा असावा, असा संशोधकांचा कयास होता. पण सिद्ध कसे करायचे?

कोण होता तिसरा रिचर्ड?

जन्म १४५२ चा, घराणे यॉर्क. थोरला भाऊ चौथा एडवर्ड १४८३ मध्ये वारला आणि गादी त्याच्या १२ वर्षांच्या मुलाकडे आली. काका रिचर्ड राज्याचा पालक झाला. काही आठवड्यांतच पुतण्यांना अनौरस ठरवून तो स्वतः राजा बनला. लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेले दोन्ही पुतणे पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा १४८४ मध्ये गेला. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरच्या फौजेशी लढताना रिचर्डही पडला. वय ३२. मृतदेह लेस्टरच्या एका मठात घाईने पुरण्यात आला. पुढे मठही पाडला गेला.

वंशावळ का शोधावी लागली?

मायटोकॉण्ड्रियल डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढच्या पिढीला तो फक्त मुलीच देतात. रिचर्ड आणि त्याची थोरली बहीण अ‍ॅन एकाच आईची मुले. त्यामुळे अ‍ॅनपासून लेकीकडून लेकीकडे आलेली साखळी हवी होती. लग्नानंतर आडनाव बदलते, म्हणून हे काम किचकट. इतिहास अभ्यासक जॉन अ‍ॅशडाउन-हिल यांनी उत्खननाआधीच अशी एक साखळी शोधली होती. लेस्टर विद्यापीठाने जुनी कागदपत्रे तपासून ती पक्की केली, शिवाय दुसरीही शोधली. पहिल्या साखळीच्या टोकाला निघाला फर्निचर घडवणारा एक कारागीर! दोन्ही वारसांचा डीएनए सांगाड्याशी जुळला.

मग धक्का कुठे बसला?

पुरुष शाखेत. वडिलांकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या ५ पुरुषांमध्ये तपासला गेला. एकाचाही रिचर्डशी जुळला नाही. म्हणजे मधल्या कुठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप खरा बाप नव्हता. ज्या औरसपणाच्या मुद्द्यावर रिचर्डने पुतण्यांची गादी घेतली, तोच पुरुष शाखेत डळमळला; बहिणीची शाखा मात्र अखंड निघाली.

२६ मार्च २०१५ रोजी लेस्टर कॅथेड्रलमध्ये राजाचे पुन्हा दफन झाले. त्याची शवपेटी त्याच कारागिराने घडवली होती.