चार्ल्स इंगल्स : कादंबरीतील पिता आणि चरित्रातील शेतकरी

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेने आपल्या बालकादंबऱ्यांतून वडिलांची व्यक्तिरेखा अजरामर केली. ते वडील म्हणजे चार्ल्स इंगल्स. त्यांचे प्रत्यक्ष जीवन आता पाहू.

चार्ल्स यांचा जन्म १८३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला. १८६० मध्ये कॅरोलाइन क्वाइनर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरी व लॉरा या मुली विस्कॉन्सिनमध्ये जन्मल्या. १८६९ मध्ये कुटुंब कॅन्ससमध्ये स्थिरावू पाहत होते. परंतु ती भूमी ओसेज या मूलनिवासी जमातीची होती. १८७१ मध्ये ते विस्कॉन्सिनला परतले. पुढे मिनेसोटात टोळधाडीने उभे पीक फस्त केले. १८७६ मध्ये नऊ महिन्यांचा मुलगा फ्रेडी मरण पावला. त्यानंतर आयोवातील बर ओक गावी हे कुटुंब एका हॉटेलात राबले. १८७९ मध्ये मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी ते डाकोटात पोहोचले. होमस्टेड कायद्याखाली घेतलेल्या जमिनीची मालकी १८८६ मध्ये मिळाली. तरीही पुढच्याच वर्षी कुटुंब डी स्मेट गावात राहू लागले. तेथेच १९०२ मध्ये चार्ल्स यांचे निधन झाले.

लक्षात घ्या, फ्रेडीचा मृत्यू आणि बर ओकचे दिवस या कादंबऱ्यांत येत नाहीत. कादंबरीकार आठवणींतून निवड करतो. चरित्रकाराला मात्र गाळलेल्या दुःखाचीही नोंद घ्यावी लागते. या दोन वाङ्मयप्रकारांतील हा भेद तुम्ही ध्यानात ठेवावा.