मेंदूतील वाटांचा शोधक : डॉ. एगास मोनिझ

आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींनी अर्धांगवायूचा घाला घरातच पाहिला असेल. हल्ली अशा प्रसंगी वेळ हाती असेल तर डॉक्टर जांघेतील रोहिणीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि अडकलेली गुठळी ओढून काढतात. रोहिणीस फुगा आला असेल तर प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी घालून तो आतून भरतात. कवटी उघडावी लागत नाही. परंतु काळोखात नळीला वाट दिसते कशी? ती वाट प्रथम ज्यांनी दृश्य केली, त्या डॉ. मोनिझ यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहो.

पोर्तुगालमधील आव्हांका या गावी १८७४ साली त्यांचा जन्म झाला. मूळ नाव आंतोनियो. एगास मोनिझ हे बाराव्या शतकातील एका वीराचे नाव त्यांना घरातून मिळाले. कोइंब्रा येथे वैद्यकाचे शिक्षण झाले. राजकारणाचा ओढा मोठा, त्यापायी तुरुंगवासही घडला. १९१८ साली ते परराष्ट्रमंत्री झाले. गोवा त्या काळी त्याच राज्याच्या अंमलाखाली होता, हे सहज आठवते.

राजकारणातून बाहेर पडल्यावर, पन्नाशी उलटून गेलेल्या या गृहस्थांनी नवेच कार्य हाती घेतले. क्ष-किरणांच्या चित्रात कवटीचे हाड दिसे, मेंदूतील रोहिण्या मात्र दिसत नसत. रक्तात किरण अडविणारे द्रव्य मिसळले तर त्यांची छाया उमटेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांचे स्वतःचे हात संधिवाताने तरुणपणीच वाकडे झालेले. म्हणून शस्त्रकर्म त्यांचे सहकारी डॉ. आल्मेदा लिमा करीत. प्रेतांवर व कुत्र्यांवर प्रयोग झाले. मग स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड रुग्णांना टोचण्यात आले आणि त्यांपैकी एक रुग्ण दगावला. मोनिझ थांबले, ते द्रव्य त्यांनी सोडून दिले आणि सोडियम आयोडाइडचा द्राव घेतला. २८ जून १९२७ रोजी मानेतील रोहिणी उघडी करून तो आत सोडला, तेव्हा काचेवर मेंदूच्या रोहिण्यांचे जाळे उमटले. गाठीने त्या कशा बाजूस रेटल्या आहेत हेही दिसले. १९३३ साली जिवंत माणसाच्या रोहिणीवरील फुगाही त्यांनी असाच दाखविला. मध्यंतरी थोरियमयुक्त द्रव्य त्यांच्या वापरात आले. त्याचा किरणोत्सर्ग शरीरात राहून पुढे कर्करोग होतात हे कळावयास बराच काळ जावा लागला. आयोडीनयुक्त द्रव्ये मात्र आजही वापरली जातात.

चरित्र लिहिताना दोष झाकणे आम्हांस रुचत नाही. १९३५ साली मोनिझांनी मनोविकारावर उपाय म्हणून मेंदूतील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. थोडक्या रुग्णांच्या अल्पकाळच्या निरीक्षणावरून त्यांनी यश जाहीर केले. परदेशी तिचा अतिरेक होऊन असंख्य माणसे कायमची निस्तेज झाली. आणि १९४९ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच शस्त्रक्रियेसाठी! रोहिणीचित्रणासाठी त्यांचे नाव पूर्वी सुचविले गेले होते. तेव्हा ते मान्य झाले नाही. आमच्या मते निवड चुकली.

१९३९ साली एका रुग्णाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांतून ते वाचले. १९५३ साली स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी सुई व तारेच्या साहाय्याने, मोठी चीर न देता, रोहिणीत नळी सरकविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १३ डिसेंबर १९५५ रोजी, लिस्बन येथे मोनिझ वारले.