कुशल यंत्रकार अल-जझरी

विद्यार्थी मित्रांनो, यंत्राला काम सांगायचे तर संगणकाची भाषा यायलाच हवी, असे तुम्हांला वाटते का? सुमारे आठशे वर्षांपूर्वी एका यंत्रकाराने यंत्राला नुसत्या खुंट्यांनी काम सांगितले. त्यांचे नाव अल-जझरी.

दजला आणि फरात या नद्यांमधील प्रदेशाला जझीरा म्हणत. त्यावरून त्यांना अल-जझरी म्हटले जाऊ लागले. त्यांचे मूळ नाव इस्माईल. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे अर्तुकी राजघराण्याच्या पदरी ते सुमारे २५ वर्षे होते.

राजाच्या मेजवानीसाठी त्यांनी एक नाव तयार केली. तिच्यात चार वादकांच्या बाहुल्या होत्या. ठरावीक वेळाने टाकीतले पाणी एका चाकावर पडे. चाक फिरले की त्याचा दांडा फिरे. दांड्यावर खुंट्या बसवलेल्या होत्या. खुंटी फिरत येऊन तरफेवर दाब देई, त्याबरोबर बाहुलीचा हात हले आणि डफ वाजे! आता तुम्हीच विचार करा. खुंट्यांची जागा बदलली तर काय होईल? ठेकाच बदलेल. म्हणजे खुंट्या लावणे हीच त्या यंत्राला दिलेली सूचना.

त्यांचे किल्ल्यासारखे जलघड्याळही असेच होते. तेव्हा दिवसाचे बारा भाग मानत. उन्हाळ्यात ते भाग मोठे, हिवाळ्यात लहान. म्हणून एक चकती रोज हाताने फिरवून पाण्याची धार कमीजास्त करत.

पण यंत्रे मोडतात आणि कारागीरही जातात. मग ही विद्या टिकणार कशी? राजा नासिरुद्दीन महमूद यांनी अल-जझरींना ग्रंथ लिहायला सांगितले. जुन्या ग्रंथांतील कित्येक गोष्टी कोणी करून पाहिलेल्या नाहीत, हे अल-जझरींना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतः पारखलेलेच लिहिले. १२०६ च्या सुमारास हा अरबी ग्रंथ पूर्ण झाला. त्यात ५० यंत्रांची मापे, आकृत्या आणि कृती आहेत.

त्या राजवाड्यातील यंत्रे आज उरलेली नाहीत. तरीही १९७६ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्या ग्रंथावरून जलघड्याळ पुन्हा उभारले गेले.

मित्रांनो, हाताने केलेले काम आणि नीट लिहून ठेवलेले ज्ञान कधी वाया जात नाही. तुम्हीही एखादी वस्तू बनवाल, तेव्हा तिची कृती वहीत अवश्य लिहून ठेवा.